बाजूला काढलेला सूर

स्पर्धेतली पहिली मुलगी स्टुलावर बसली, गिटार मांडीवर घेतली, आणि वाजवायच्या आधी तिनं डाव्या हाताची अनामिका तिसऱ्या तारेवर, सातव्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या सातव्या पट्टीशी, टेकवून दाबली. नुसती दाबली. उजवा हात तारेला लागलाच नाही, त्यामुळे सूर काही निघाला नाही. तिनं बोट उचललं, त्याच जागी पुन्हा एकदा दाबलं, पुन्हा उचललं. मग स्केल सुरू झालं, आणि ते इतकं स्वच्छ की मागच्या रांगेत कुणीतरी 'वा!' म्हणालं.

परीक्षकांच्या टेबलामागे वृंदा मेहेंदळेच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली नाही.

योगायोग असेल, तिनं मनाला समजावलं. पोरीची काहीतरी सवय असेल. दुसरा मुलगा जतचा होता, अंगानं दांडगा, बोटं जाडजूड. तो बसला. तिसरी तार, सातवा फ्रेट. दाबलं, उचललं. दाबलं, उचललं. तिसरी तासगावची होती. चौथी सांगलीतलीच, वृंदाचाच क्लास गेल्या वर्षी सोडून गेलेली. तिनंही तेच केलं.

"मॅडम, ही काय नवी फॅशन काढलीय?" शेजारी बसलेले मिरजेचे सालढाणा मास्तर तिच्या कानाशी लागले. मास्तरांचं आयुष्य बँड वाजवण्यात आणि वाजवून घेण्यात गेलं होतं. मनातलं मनात ठेवणं त्यांना जमत नसे. "आधी दोन मुके सूर, मग वाजवणं. तारेवरच्या माश्या उडवतात की काय?"

वृंदाला हसू आलं नाही. तो मुका सूर तिला ठाऊक होता. साऱ्या जगात तो एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस या घटकेला घरी आरामखुर्चीत बसून, आपण कोण हे कुणाला विचारावं, याचा विचार करत असेल.

ते म्हणजे तिचे वडील, अण्णा.

अण्णा तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे आणि उतारवयात घराच्या पुढच्या खोलीत शिकवायचे. त्यांच्या हाताखालून अर्धी सांगली गेली. आता गिटारची मान, म्हणजे तो फ्रेटबोर्ड, पाठ करणं हे भल्याभल्यांना रडवणारं काम आहे. पेटीवर एका सुराची जागा एकच. पट्टी बघून बोट ठेवलं की झालं. गिटारवर तोच सूर चार-पाच ठिकाणी बिऱ्हाड करून असतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे शेजारी वेगळे. म्हणून तिथं स्केल पाठ करायचं ते सुरांची नावं घोकून नाही, तर आकार म्हणून बोटांत उतरवायचं. मग त्यावर मोड. सूर तेच सात, पण त्यातला कुठला सूर घर मानून निघालात त्यावर साऱ्या रस्त्याचा रंग बदलतो. असे सात मोड. अण्णा त्यांची इंग्रजी नावं पोरांना शेवटी सांगत. आधी म्हणत, हा पहिला म्हणजे आपला बिलावल. दुसरा काफी, तिसरा भैरवी, चौथा कल्याण, पाचवा खमाज, सहावा आसावरी. सातव्याचा पंचमच उतरलेला, त्यामुळे त्याला थाटांत कुणी घेतलं नाही. "हा अनाथ," अण्णा म्हणत, "म्हणून याला जास्त जपायचं."

आणि कुठलाही मोड वाजवायच्या आधी तो मुका सूर.

अण्णांचं सोवळंओवळं फार नव्हतं. पण जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाजूला काढल्याशिवाय घास तोंडात जात नसे. ती चित्राहुती त्यांनी गिटारवरही आणली होती. पहिला सूर दाबायचा, छेडायचा नाही. तो देवाचा. बाकीचे आपले.

"पण अण्णा, तो देवाला ऐकू येतो का?" लहानपणी वृंदानं विचारलं होतं.

"आपल्याला ऐकू आला तर तो देवाचा राहील का?" अण्णा म्हणाले होते.

बारा वर्षांची झाल्यावर तिला हे सगळं खोटं वाटू लागलं. वाजतो तो सूर, न वाजणारा कसला सूर? मी नाही दाबणार, तिनं सांगून टाकलं. अण्णा रागावले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले. त्यानंतर केव्हातरी त्यांचं एकदा दाबायचं ते दोनदा झालं. का, ते तिनं कधी विचारलं नाही. वय वाढतं तसे माणसाचे नेमही वाढतात, असं तिला वाटलं.

*

मोजा बाजारात आला तेव्हा वृंदा चाळिशी ओलांडून गेली होती आणि क्लास तीच चालवत होती.

कंपनी पुण्याकडची. मोजा दिसायला साधा, जाळीदार, डाव्या हातात घालायचा. सोबत कपाळाला बांधायची एक मऊ पट्टी. कल्पना नवीन नव्हती, करून दाखवणं नवीन होतं. दिवसा आपण बोटांनी जे काही गिरवतो ते मेंदू झोपेत पुन्हा गिरवतो आणि पक्कं करतो. गाढ झोपेत मेंदूतून संथ लाटा जातात, आणि त्या लाटांच्या माथ्यावर अगदी थोडा वेळ असा असतो की तेव्हा हाताकडून आलेली खबर मेंदू आपलीच आठवण समजतो. कपाळाची पट्टी त्या वेळेवर नजर ठेवायची. वेळ आली की मोज्यातले बारीक धागे एकेका बोटाला इतका हलका स्पर्श करायचे की जाग येऊ नये, पण कुठलं बोट, कुठल्या तारेवर, किती दाबानं, हे मज्जातंतूंना कळावं. थोड्या दिवसांत सारी स्केलं आणि साती मोड हातात. सकाळी उठून गिटार घेतली की बोटं आपापली चालू लागत.

कंपनीनं आधी ही हालचाल संगणकाकडून बनवून घेतली होती. मोजून मापून, अगदी नेमकी. कुणाच्याही मेंदूनं ती घेतली नाही. खऱ्या हाताला चाल असते. कुठे तो किंचित थबकतो, कुठे दाब थोडा जास्त पडतो. त्या चालीवरूनच मेंदू ओळखतो की ही माणसाची हालचाल आहे. दहा जणांचे हात एकत्र करूनही पाहिले, तेही फसलं. एका मोज्यात एकच हात नांदतो. म्हणून कंपनीनं कुणा एका जाणत्या वादकाचा हात नोंदवून घेतला होता. त्याला ते मूळ हात म्हणत. कुणाचा, ते गुपित होतं.

मोजा आला आणि क्लास ओस पडू लागले. वृंदानं शिक्षकांचं मंडळ उभं केलं, मोर्चे काढले, भाषणं दिली. स्वतःच्या दारावर पाटी लावली, 'मोजा वापरणाऱ्यांना येथे शिकवले जाणार नाही.' मंडळानं सरकारकडून एक नियमही करून घेतला. डब्यावर जे लिहिलंय तेवढंच मोज्यानं शिकवायचं. त्याबाहेरची एक जरी हालचाल कुणी दाखवून दिली, तर कंपनीनं ती सगळ्या मोज्यांतून पुसायची. 'मूळ नोंदीसकट' हे शब्द वृंदानं हट्टानं घालायला लावले होते.

एका सभेत ती बोलली होती, "कुणीतरी आपला हात या लोकांना देऊन टाकलाय. त्याला काय गुरू म्हणायचं? पंगतीत वाढलेलं ताट उचलून बाजारात नेऊन मांडणारा माणूस तो!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांनीही वाजवल्या. त्यांचं विसरणं घरात तेव्हा नुकतं जाणवू लागलं होतं. घरी आल्यावर म्हणाले, "छान बोललीस हो." आणि मग बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले.

*

मोज्यावर शिकलेली मुलं वृंदानं त्या स्पर्धेत पहिल्यांदाच समोर बसून ऐकली होती. स्पर्धा संपली तेव्हा तिच्या डोक्यात एकच शब्द घणासारखा पडत होता. चोरी. आजारी माणूस, दवाखान्यात तपासण्या झाल्या, हाताला तारा लावल्या गेल्या. तिथूनच कुणीतरी उचललं. दुसरं काय असणार?

बक्षिसं द्यायला ती उठली आणि माईक हातात येताच बोलून गेली. अण्णांचं नाव घेतलं नाही. "या मुलांनी आज सुरुवातीला जे केलं ते कुठल्याही पुस्तकात नाही, मोज्याच्या डब्यावर नाही. तुमच्या मुलांच्या हातात दुसऱ्याच माणसाची सवय शिरलीय. उद्या त्या माणसाचं आणखी काय काय शिरेल?" एका आईनं आपल्या मुलीचा डावा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरला. ती मुलगी गोंधळून म्हणाली, "पण मी काही करतच नाही आधी. सरळ सुरूच करते." तिला खरंच ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

कुणीतरी मोबाइलवर केलेलं ते चित्रण रात्रीत राज्यभर फिरलं, आणि मागोमाग मंडळाची तक्रार रीतसर गेली.

घरी अण्णा खिडकीशी बसले होते. तिला बघून अदबीनं थोडे पुढे सरकले. "या बाई. आपण कुणाकडच्या?"

"मी वृंदा, अण्णा."

"हो का. छान नाव आहे."

हे रोजचंच होतं, पण त्या दिवशी ते तिला सोसवेना. कुणाची आधी नावं जातात, कुणाचे हात. अण्णांचं दोन्ही मागोमाग गेलं. गिटार हातात दिली तर परक्याचं मूल दिल्यासारखी अवघडून धरत आणि परत देऊन टाकत. भाताला भात म्हणतात हेही त्यांना आठवत नसे. मात्र ताट पुढे आलं की चार शितं अजून बाजूला निघत.

तिनं त्यांचा डावा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांवरचे घट्टे अजून होते. "अण्णा, या हाताचं माप घ्यायला कुणी आलं होतं का हो?"

"हा?" अण्णांनी हात उलटापालटा करून पाहिला, आणि एकदम घाबरल्यासारखे म्हणाले, "हा माझाच आहे ना?"

त्या प्रश्नानं तिचा राग आणखी पेटला. आठवडाभरात कंपनीचं उत्तर आलं. तक्रार खरी निघाली होती; शिकवणीबाहेरची निरर्थक हालचाल आढळली असून ती सर्व मोज्यांतून काढून टाकण्यात आली आहे. मोजे घरोघरी कंपनीच्या संगणकाशी जोडलेले असत, त्यामुळे हे काम एका सकाळीत झालं; आणि रात्रीच्या नव्या गिरवणीनं चार दिवसांत ती मुलांच्या बोटांतूनही गेली.

"जिंकलात की हो मॅडम!" सालढाणा मास्तरांचा फोन आला. "आमच्या गल्लीतल्या पोरानं आज थेट वाजवायला घेतलं. माशी उडवलीच नाही. पेढे कधी?"

"आणते मास्तर," वृंदा म्हणाली, आणि किती दिवसांनी तरी मोकळं हसली.

*

त्याच दुपारी केतकी आली. केतकी अण्णांची लाडकी शिष्या. पुढं इंजिनिअर झाली आणि त्याच कंपनीत लागली, तेव्हापासून वृंदानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती दारातल्या पाटीखाली उभी होती, छातीशी पिशवी धरून, डोळे लाल.

"वृंदाताई, काय करून बसलात हो तुम्ही?"

"मी?" वृंदाचा आवाज चढला. "तुमच्या लोकांनी माझ्या आजारी बापाचा हात चोरला, आणि वर मलाच विचारतेस?"

"चोरला नाही, ताई. सर आपणहून येत होते. दर शनिवारी, एसटीनं. पिशवीत जेवणाचा डबा घेऊन."

वृंदानं दाराची चौकट धरली. शनिवार. अण्णा शनिवारी पुण्याला भाच्याकडे म्हणून जात. उन्हाचं बाहेरचं खाऊ नका म्हणत तो डबा तीच भरून देत होती. थालीपीठ आणि लोणी.

"आत ये," ती कशीबशी म्हणाली.

केतकी पाटीकडे बघत आत आली. अण्णा खुर्चीत पेंगत होते. त्यांच्या पायाला हात लावून ती खालीच बसली. "नुकतंच सुरू झालं होतं त्यांचं. नावं अडायची. मला म्हणाले, 'केतके, डोक्याला गळती लागलीय गं. बोटांपर्यंत पोचायच्या आत सगळं काढून ठेव कुठंतरी.' मी म्हटलं, सर, आम्ही हे पोरांना देणार. म्हणाले, 'द्या की. शिकवायचंच आहे ना?'"

"आणि मला का नाही सांगितलं?"

"मोजा बाजारात आला की सांगणार होते. पण तोवर तुमची भाषणं सुरू झाली, ताई."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

"ती मुकी हालचाल यंत्राला कळतच नव्हती," केतकी पुढं म्हणाली. "सूर नाही म्हणजे चूक. दर वेळी लाल खूण करून विचारायचं, काढू का? मी दर वेळी नको म्हटलं. मला ती कापवेचना. एकदा सरांना विचारलं, सर, आम्ही लहान असताना ऐकलं होतं, देवाचा सूर एक असतो. मग तुम्ही दोनदा का दाबता?"

वृंदानं मान वर केली.

"म्हणाले, 'एक माझा. दुसरा वृंदेचा. ती काढत नाही ना, मग तिच्या वाटचा मी काढतो. तिचं वाजवणं उष्टं राहायला नको.'"

वृंदाला सगळं आठवलं. बारा वर्षांची ती, तो हट्ट, ते 'बरं'. त्यानंतरची सगळी वर्षं, रोजचा रियाज, प्रत्येक रियाजाच्या आधी तिच्या वाटचा एक सूर. मग तोच सूर जतच्या, तासगावच्या, कुठल्या कुठल्या मुलांच्या हातांनी काढला गेला; त्यांना ठाऊकही नसताना, तिच्यासाठी. आणि तिनं तो भर सभेत बोट दाखवून पुसून घेतला.

"सरांचं एकच मागणं होतं," केतकीनं पिशवीतून मोजा काढला. "म्हणाले, मी पार रिकामा झालो की यातलं थोडं मला परत घाल. आपल्या घरचं आपल्याला. मी केव्हाच येणार होते, ताई. या पाटीखालून आत यायचा धीर झाला नाही."

"आता घाल," वृंदा म्हणाली. "आत्ता घाल."

"घालते. साती मोड आहेत. फक्त तेवढं नाही."

"मग ते परत भर. मूळ नोंद आहे ना तुमच्याकडे?"

"त्यातूनही ते पुसलंय, ताई." वृंदाला स्वतःचेच शब्द आठवले. मूळ नोंदीसकट.

"माझ्या हातानं भर! मला येतं ते. तिसरी तार, सातवा फ्रेट. दोनदा."

"एका मोज्यात दोन हात नांदत नाहीत, ताई. तुमचा मध्येच आला तर त्यांचा मेंदू अख्खंच थुंकून टाकेल. तेवढं एक कुणाच्या हातचं राहिलं नाही आता."

*

पाटी वृंदानं स्वतः उतरवली.

अण्णा दुपारी जेवण झालं की आरामखुर्चीत गाढ झोपत. तेव्हा ती त्यांच्या डाव्या हातात मोजा चढवी, कपाळाला पट्टी बांधी आणि समोर बसून राही. झोपेत त्यांची बोटं मधूनच थरथरत, बाळाचे ओठ झोपेत हलतात तशी. ज्या मोज्याला या घरात पाऊल टाकू देणार नाही म्हणून ती भांडली, त्याच्याच पुढ्यात ती रोज हात जोडून बसू लागली. देवाला काय मागावं हे कळत नव्हतं. हात परत दे म्हणावं, तर तो तर येतच होता. जे तिनं पुसलं ते परत दे, असं म्हणायला तोंड नव्हतं.

एका दुपारी ते जागे झाले आणि कोपऱ्यातल्या गिटारकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, ते इकडे देता का?"

तिनं गिटार दिली. अण्णांनी ती मांडीवर घेतली. अवघडून नाही, नेहमीची घ्यावी तशी. डावा हात मानेवर गेला आणि थेट बिलावल सुरू झाला.

थेट. मध्ये काही नाही.

पण काय वाजवलं त्यांनी! बिलावलातून काफी, काफीतून भैरवी. प्रत्येक थाटाचं दार उघडत मानेवर वर गेले, खाली आले. दाब तोच, थबकणं तेच. हे तिच्या लहानपणीचे अण्णा होते. केतकी त्या दिवशी मुद्दाम आली होती. ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. कल्याण झाला, खमाज झाला, आसावरी झाली. अनाथ सातवा सुरू झाला, आणि मध्येच हात थांबला.

अण्णा गिटारकडे बघत होते. तोंडात खडा यावा तसा चेहरा झाला.

"हे उष्टं आहे," ते म्हणाले.

"काय, अण्णा?"

"उष्टं आहे हो हे. काढायचं राहिलं." त्यांनी उपरण्याच्या टोकानं तारा पुसल्या. पुन्हा सुरुवात करायला गेले. हात पुन्हा सरळ बिलावलात शिरला. त्यांनी दचकून उजव्या हातानं डावा हात मनगटाशी पकडला, चोर पकडावा तसा. "थांबत नाही हा. बघा ना. मी म्हणतो थांब, तर आपला जेवायलाच बसतो. कुणाचा आहे हा?"

जीभ विसरली, डोकं विसरलं, पोटची मुलगी विसरली, तरी काहीतरी बाजूला काढायचं असतं एवढं त्यांच्यात उरलं होतं. आणि ते काढायला हातात वाट नव्हती. हात दुसऱ्याच कुणासारखा, वखवखल्यासारखा, थेट ताटावर पडत होता. तिनं त्यांना त्यांचा हात परत दिला होता, आणि त्यातून त्यांना काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिटारला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती खोलीतून बाहेर न्या म्हणाले. डावा हात सारखा उपरण्यात गुंडाळून ठेवू लागले. ताट पुढे ठेवलं तर उजव्या हातानं चार शितं काढत, आणि त्या डाव्या हाताकडे भिऊन बघत.

"मोजा बंद करूया का, ताई?" केतकीनं विचारलं. "हळूहळू जाईल सगळं. पुन्हा होते तसे होतील."

म्हणजे पुन्हा रिकामे. वृंदा उत्तर न देता आतून गिटार घेऊन आली आणि अण्णांच्या समोर पाटावर बसली. गिटार तिनं स्वतःच्या मांडीवर घेतली. अण्णांनी तोंड फिरवलं.

"अण्णा, बघा तरी."

तिनं अनामिका तिसऱ्या तारेवर नेली. एवढी वर्षं गिटार वाजवून तिचं बोट त्या जागी लाख वेळा गेलं असेल; पण दाबून गप्प राहायला ते कधी शिकलं नव्हतं. उजवा हात सवयीनं तारेकडे झेपावला. तिनं तो मुठीत मिटून घेतला. दाबलं. खोलीत काही वाजलं नाही. बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

अण्णा हळूच वळले. त्यांनी उपरणं सोडलं नव्हतं, पण नजर तिच्या बोटावर होती. कपाळाला आठी पडली.

"आडवं पडतंय बोट," ते म्हणाले. "टोकावर घे."

वृंदानं बोट उचललं, नीट टोकावर घेतलं, पुन्हा त्या जागी टेकवलं. दाबलं. डोळ्यांतून पाणी गिटारवर पडलं. ते पुसायला तिनं हात हलवला नाही.

"हां," अण्णा म्हणाले. "हा तुझा झाला."

ते वाट बघत राहिले. तिनंही बघितली. मग तिच्या ध्यानात आलं ते कशासाठी थांबलेत. तिनं बोट उचललं आणि त्याच जागी आणखी एकदा, जपून, टोकावर दाबलं.

"हा कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या वाटचा," ती म्हणाली. "आता मी काढत जाईन."

अण्णांनी मान डोलावली. किंचित कललेल्या कानानं ते कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग उपरण्यातून डावा हात मोकळा केला, बोटं उघडमिट करून पाहिली आणि दोन्ही हात तिच्यापुढे पसरले.

"आण इकडे," ते म्हणाले. गिटार मांडीवर घेऊन, ताटावरचा पहिला घास उचलावा तसा, त्यांनी बिलावलचा षड्ज छेडला.